पोट रुसलंय की आजार अजून मुक्कामाला आहे?

लग्नात काहीतरी बाधलं. दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, ताप येऊन गेला, सगळं उतरलं. पण तीन आठवडे झाले तरी सकाळचा चहा पोटात गेला की संडासकडे धाव, आणि दुपारी जेवलं की पोट फुगून टम्म. अशा वेळी घरात दोन तट पडतात. आई म्हणते, "पोट नाजूक झालंय, ताक-भात खा, होईल बरं." भाऊ म्हणतो, "आत काहीतरी राहिलंय, डॉक्टरांना दाखव." दिवसाउजेडी पाहिलं तर दोघांच्या म्हणण्यातली पोटं अगदी सारखी दिसतात, घोळ तिथेच होतो.

रुसलेल्या पोटात जंतू उरलेले नसतात, पण जाताना त्यांनी लहान आतड्याचं अस्तर खरवडलेलं असतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर याच अस्तरावर असतं. ते कमी पडलं की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू धरतो, पाणी सुटतं आणि पुन्हा पातळ होतं. माझ्या बाबतीत गुन्हेगार निघाले दिवसाचे चार दुधाचे चहा. दहा दिवस कोरा चहा प्यायलो आणि गुडगुड थांबली. ताक मात्र चाललं, कारण विरजणातले जीवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच संपवतात.

काहींचं पोट याहून जास्त दिवस रुसतं. आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात आणि कळ, घाई, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असं महिनोन् महिने चालतं. याला संसर्गानंतरचा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात. पोटाच्या संसर्गातून उठलेल्या साधारण दहातल्या एकाला तो होतो. कॅनडातल्या वॉकरटन गावात 2000 साली नळाचं पाणी दूषित होऊन दोन हजारांवर लोक आजारी पडले, त्यातल्या काहींचा हा त्रास आठ वर्षांनीही टिकून होता. म्हणजे नुसतं 'फार दिवस झाले' एवढ्यावरून आत जंतूच आहेत असं ठरत नाही.

आता दुसरं पोट, आजार मुक्कामाला असलेलं. माझे एक मामा दीड महिना 'गॅस होतो' एवढंच सांगत होते. मेडिकलमधून कधी गॅसची, कधी जुलाब थांबवायची गोळी आणायचे. शेवटी डॉक्टरांनी तपासायला पट्टा सैल करायला सांगितला, तर त्याला टोच्याने पाडलेली दोन नवी भोकं. "ही कधी पाडली?" एवढं विचारल्यावर मग संध्याकाळचा बारीक ताप निघाला, रात्री तीनला उठून जावं लागणं निघालं. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि आतड्याचा टीबी निघाला. सहा महिने औषधं घेतली, बरे झाले.

मला विचाराल तर फरक त्या रात्री तीनच्या फेरीत आहे. रुसलेलं पोट दिवसभर छळतं, पण माणूस झोपला की बहुधा तेही झोपतं. कळ येऊन झोप मोडत असेल, न ठरवता वजन उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल, ताप पुन्हा डोकावत असेल तर दिवस मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच पोटाची सवय बदलली असेल तरी तेच. यातलं काहीच नसेल तरी दोन आठवडे उलटूनही जुलाब चालूच असतील तर दाखवायचं, आणि महिना झाला तर तपासण्या करून घ्यायच्या. तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही यांच्या बाबतीत मुळात थांबायचंच नाही. लघवी कमी किंवा गडद होणं, जीभ कोरडी पडणं, मूल मलूल होणं म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, आणि वाटेत ओआरएस चालू.

अजून एक गोष्ट पुणेकर विसरणार नाहीत. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांना आधी जुलाब होऊन गेले होते. कॅम्पायलोबॅक्टरसारख्या जंतूनंतर क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पोट बरं झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लुळे वाटले, तर पोटाच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

जिआर्डिया आणि अमीबा हे आपल्याकडचे जुने भाडेकरू. जिआर्डियात सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात, शौच तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारं होतं. अमीबात मुरडा मारून आव पडते, रक्तही पडतं. इथे आपली एक खोड नडते: मेडिकलवाल्याला सांगून मेट्रोनिडाझोलच्या चार गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की सोडायच्या. रुसलेल्या पोटाला त्या गोळीचा उपयोग नाही. अमीबा असेल तर ती आतड्याच्या भिंतीत घुसलेल्याला मारते, पण आतड्याच्या पोकळीत लपलेल्या कोषांसाठी, म्हणजे कवच घेऊन बसलेल्या अमीबासाठी, वेगळं औषध लागतं. ते घेतलं नाही तर दोन महिन्यांनी तोच पाहुणा पुन्हा दारात.

शिवाय अर्धवट गोळ्यांमुळे तपासणीही फसते. म्हणून शौचाचा नमुना गोळी सुरू करण्याआधी द्यावा. लॅबने दिलेल्या डबीत लघवी किंवा पाणी जाऊ देऊ नये आणि डबी लगेच पोचवावी. एक नमुना स्वच्छ आला म्हणून सुटलो असंही नाही. हे जीव रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे डॉक्टर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागतात. तिसऱ्या दिवशी डबी घेऊन जायला लाज वाटते खरी, पण लॅबवाल्याला त्याचं काहीच नसतं.