विद्यापीठाच्या आवारातील सुवार्ता आणि ‘मान्यते’चा वाद : पार्श्वभूमी

अमेरिकेतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गमित्रांना सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगावी की नाही, यावर आता फारसा वाद होत नाही. वाद आहे तो सुवार्ता सांगणाऱ्या मंडळाला विद्यापीठाने मान्यता द्यावी की नाही आणि त्या मंडळाचे पदाधिकारी कोण असावेत हे कोणी ठरवावे, याचा. हा बदल गेल्या चाळीसएक वर्षांतला आहे. मात्र वादाच्या मुळाशी असलेला सहीचा कागद, म्हणजे पदाधिकाऱ्यांनी सही करायचे विश्वासाचे निवेदन, त्याहून बराच जुना आहे.

सुरुवात बहुधा मॅसॅच्युसेट्समधल्या १८०६ सालच्या त्या दुपारपासून सांगितली जाते, जेव्हा वादळात अडकलेल्या पाच विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली. (त्यातून उभ्या राहिलेल्या मिशनची पहिली माणसे १८१३ साली मुंबईत उतरली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) १८८६ च्या उन्हाळ्यात त्याच राज्यात सुमारे अडीचशे विद्यार्थी महिनाभर एकत्र राहिले आणि त्यांपैकी शंभरांनी परदेशी सेवेसाठी आपली नावे दिली. त्या पिढीचे लक्ष दूरच्या देशांकडे होते. शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी हेच कार्यक्षेत्र, ही समजूत पुढे रुजली.

सहीच्या कागदाचे मूळ मात्र इंग्लंडात आहे. केंब्रिजमधील १८७७ सालचे विद्यार्थी मंडळ १९१० मध्ये राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेतून बाहेर पडले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, दोघांनी पुन्हा एकत्र यावे म्हणून बोलणी झाली. तेव्हा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारला : ख्रिस्ताचे प्रायश्चित्ताचे रक्त (माणसांच्या पापांसाठी त्याने दिलेले बलिदान) तुमच्या संदेशाच्या केंद्रस्थानी आहे काय? केंद्रस्थानी आहे असे म्हणता येणार नाही, पण आमच्या शिकवणुकीत त्याला जागा आहे, असे उत्तर आले आणि बोलणी तिथेच संपली. सदस्यांची मने बदलत गेली की नाव तेच राहूनही मंडळ वेगळे होते, हा धडा त्या मंडळींनी घेतला. त्यांच्या परंपरेतून वाढलेल्या आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत पोहोचलेल्या संघटनांनी पदाधिकाऱ्यांकडून विश्वासाच्या निवेदनावर सही घेण्याची रीत पाळली, ती या अनुभवामुळेच. पुढे ज्याला भेदभाव म्हटले गेले, तो आरंभी फुटीवरचा उपाय होता, ही गोष्ट वादाच्या धुरळ्यात सहसा हरवते.

१९५१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सुरू झालेल्या दुसऱ्या एका चळवळीने पद्धत बदलली. व्याख्यान आणि बायबल अभ्यास यांच्या जोडीला शर्टाच्या खिशात मावणारी पुस्तिका आली : चार विधाने, प्रत्येकाखाली वचने, शेवटी एक छोटी प्रार्थना. उपाहारगृहातल्या टेबलावर पंधरा मिनिटांत ती वाचून होत असे. सोपेपणा हे तिचे बळ होते आणि तोच तिच्यावरचा आक्षेपही. आज अनेक मंडळे आधी मैत्री आणि मग पुस्तिका असा क्रम लावतात.

न्यायालयीन इतिहास कॅन्सस सिटीपासून सुरू होतो. तिथल्या सरकारी विद्यापीठात शंभराहून अधिक विद्यार्थी मंडळे होती. परंतु धार्मिक उपासनेसाठी किंवा शिकवणीसाठी इमारती वापरू नयेत या नियमावर बोट ठेवून १९७७ मध्ये एका ख्रिस्ती मंडळाला खोली नाकारण्यात आली. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले की इतर मंडळांना दारे उघडल्यावर केवळ बोलण्याचा विषय धर्म आहे म्हणून ती बंद करता येणार नाहीत. १९९५ मध्ये व्हर्जिनियातील विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती नियतकालिकाच्या छपाईखर्चाबाबत हेच तत्त्व पैशांनाही लागू झाले, फक्त या वेळी बहुमत पाच विरुद्ध चार इतके निसटते होते.

त्यानंतर आला २०१० चा निकाल, आणि गुंता इथेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील एका सरकारी विधी महाविद्यालयात ख्रिस्ती मंडळाच्या बैठकांना कोणीही येऊ शकत होते. परंतु मतदानाचा हक्क असलेला सदस्य किंवा पदाधिकारी होण्यासाठी निवेदनावर सही लागे आणि विवाहबाह्य तसेच समलिंगी संबंधांचे समर्थन करणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. महाविद्यालयाने २००४ मध्ये मान्यता नाकारली. मान्यता नाही म्हणजे निधी नाही, महाविद्यालयाचे नाव व चिन्ह नाही, सूचनाफलक आणि सामूहिक ईमेल नाही. महाविद्यालयाच्या लेखी नियमात धर्म, वंश, लैंगिक कल इत्यादींवरून भेद करू नये, एवढेच होते. कोणत्याही विद्यार्थ्याला कोणत्याही मंडळात सदस्यत्व आणि पद मिळवण्याची मुभा असली पाहिजे, हा त्याचा व्यापक अर्थ खटला सुरू झाल्यावर अधिष्ठात्यांच्या जबानीतून पुढे आला. तरीही दोन्ही पक्षांनी संयुक्त निवेदनात तोच नियम म्हणून मान्य केला आणि न्यायालयाने तेवढ्याच नियमाची परीक्षा केली. पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरला. मान्यता गेल्यानंतरच्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमांना येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली होती, याचीही बहुमताने नोंद घेतली. प्रत्यक्षात हा नियम सर्वांना सारखा लावला गेला का, या प्रश्नाचे उत्तर या निकालात नाही. असे असूनही अनेक ठिकाणी त्याचा हवाला मान्यता नाकारण्याच्या सरसकट परवान्यासारखा दिला गेला, आणि हे वाचन निकालाला धरून नव्हते, असे म्हणणे भाग आहे.

कॅलिफोर्नियातील सरकारी विद्यापीठांच्या एका मोठ्या समूहाने पदे सर्वांना खुली ठेवण्याच्या अटीवरून २०१४ मध्ये एका ख्रिस्ती संघटनेच्या शाखांची मान्यता काढली आणि पुढच्याच वर्षी पदाधिकाऱ्यांची निवड कशी करायची याबाबत समजूत होऊन ती परत दिली. आयोवातील विद्यापीठाने समलिंगी विद्यार्थ्याला नेतृत्व नाकारणाऱ्या ख्रिस्ती मंडळाची नोंदणी २०१७ मध्ये रद्द केली; पण इतर काही मंडळांना सदस्यत्वाच्या अटी ठेवण्याची मुभा तशीच राहिली होती. हा निवडकपणा अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ग्राह्य धरला नाही आणि काही अधिकाऱ्यांना व्यक्तिगत भरपाईच्या दाव्यापासून मिळणारे कायद्याचे संरक्षणही नाकारले. २०१० साली अनुत्तरित राहिलेला प्रश्न तो हाच.

२०२१ मध्येच एकट्या विद्यार्थ्याचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जॉर्जियातील सरकारी महाविद्यालयात तो २०१६ मध्ये पत्रके वाटत, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी विश्वासाविषयी बोलत होता. मोकळ्या भाषणासाठी आवारात दोनच लहान जागा होत्या, त्याही आठवड्यातील जेमतेम दहा टक्के वेळ खुल्या. त्याने रीतसर जागा राखून घेतली, तरी तक्रारी आल्यावर त्याला तिथेही थांबवण्यात आले. खटला भरल्यावर महाविद्यालयाने नियम बदलले आणि आता वादच उरला नाही, अशी भूमिका घेतली. झालेल्या उल्लंघनासाठी नाममात्र भरपाईची, म्हणजे अगदी एका डॉलरचीही, मागणी शिल्लक असेल तर खटला जिवंत राहतो, असे न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले.