ग्लोव्हज घ्यायच्या आधी हे एकदा वाचा, आणि पट्टीचं तर नक्कीच वाचा

रोज एकतरी फोन येतो, सर, आमच्या मुलाच्या हाताला कोणत्या साईझचे बॉक्सिंग ग्लोव्हज बसतील? तर ग्लोव्हजवर ८, १०, १२, १६ लिहिलेलं असतं ती बुटासारखी साईझ नाही, ते औंसातलं वजन आहे. १० औंस म्हणजे साधारण २८४ ग्रॅम, १६ म्हणजे ४५४ च्या आसपास. आकडा वाढला की आतलं पॅडिंग वाढतं. मोठ्यांना पंचिंग बॅगवर मारायला १० किंवा १२ पुरतात, स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदारासमोर सरावाला, १६, कारण तिथे समोरच्याच्या नाकाचाही विचार करावा लागतो. एका मुलाला वडिलांनी ऑनलाइन सेलमधून १६ चे आणले, म्हणे वाढत्या अंगाचे घेतलेत. दुसऱ्या राउंडला पोराचे हात कमरेपर्यंत खाली.

मुळात ग्लोव्हज निघाले तेच क्लासच्या गिऱ्हाइकांसाठी. लंडनच्या जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये बॉक्सिंगचे पहिले लेखी नियम केले, त्याची स्वतःची तालीम होती आणि तिथे येणाऱ्या बड्या घरच्या मंडळींना काळानिळा डोळा घेऊन घरी जायचं नसायचं, म्हणून सरावाला गादीवाले हातमोजे. खऱ्या लढती मात्र उघड्या मुठीनेच. पुढे १८६७ मध्ये क्वीन्सबेरीचे नियम आले (लिहिले चेंबर्स नावाच्या माणसाने, नाव लागलं क्वीन्सबेरीच्या मार्क्विसचं, म्हणजे उमरावाचं), ३ मिनिटांचा राउंड, १ मिनिट विश्रांती, पडलात तर उठायला १० सेकंद, आणि ग्लोव्हज कंपल्सरी. त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्लोव्हज उत्तम दर्जाचे आणि नवे हवेत. मी विकतो म्हणून सांगत नाहीये हं.

आता पट्टी, म्हणजे हँडरॅप, ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची ती कापडी पट्टी. आपला सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. हाताच्या पंजात मनगट धरून २७ हाडं असतात, करंगळीमागचं हाड तर चुकीचा पंच बसला की हमखास दुखावतं, त्यामुळे पट्टी नसेल तर मी बॅगला हात लावू देत नाही, त्या दिवशी दोरीउड्या आणि शॅडो, म्हणजे नुसते हवेत पंच. काहींना हे फार कडक वाटतं, वाटू दे. पण पट्टी आणतात तेही पिशवीत बोळा करून आणतात, किंवा उलटी गुंडाळून. वेल्क्रोचं टोक आत पाहिजे, अंगठ्याचा लूप बाहेर. उलटी असली की अख्खी साडेचार मीटर सोडा, परत गुंडाळा, मग बांधा, दहा पोरांचं असं झालं की तासातली पंधरा मिनिटं गेली आणि घरी तक्रार काय, तर सरांनी आज बॅगच नाही दिली. बांधताना बोटं फाकवून ठेवा, मूठ वळून बांधली तर मुंग्या येतात.

टीममध्ये कधी घेणार, हाही नेहमीचा प्रश्न. गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, खाली न येता तीन राउंड निघाले की घेतो, त्याआधी नाही, कितीही फोन केले तरी. मोठ्या स्पर्धांत पाच जज असतात, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा कमी, आणि ग्लोव्हजच्या पुढच्या, बोटांच्या सांध्यांवरच्या (नकल) भागाने बसलेला पंचच धरतात, नुसते हात फिरवून काही मिळत नाही. मॅचचे लाल-निळे ग्लोव्हज सहसा आयोजकच देतात, त्यामुळे 'मॅचसाठी' म्हणून महागडे घेऊ नका. मुलींना जमेल का विचारणाऱ्यांनी मेरी कोम आणि लवलिना बघावी, दोघींकडे ऑलिंपिक ब्राँझ आहे.

पट्ट्या आणि १०, १२ चे ग्लोव्हज क्लासमध्येच ठेवलेत, हातात घालून बघा, बॅगवर चार पंच मारून बघा, मग ठरवा. पट्टी मशीनला लावायची तर जाळीच्या पिशवीत टाका, नाहीतर घरातल्या ओढण्यांत गुरफटून निघते.