देशमुख, डॉ. गोपाळराव (जी. व्ही.)

मुंबईचे सर्जन, काँग्रेसचे कार्यकर्ते आणि ब्रिटिश काळातल्या केंद्रीय कायदेमंडळात मुंबई शहराचे सभासद. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचा कायदा त्यांनी खासगी विधेयक म्हणून (म्हणजे सरकारने नव्हे, एका सभासदाने मांडलेलं) आणला, त्यामुळे वकील मंडळी त्याला 'देशमुख ॲक्ट' म्हणत आली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख वेगळे, ते १८९२ मध्येच वारले होते, पण नावं सारखी असल्याने दोघांची गल्लत होते. पेडर रोडचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, त्याबद्दलही हाच गोंधळ आहे. लोकहितवादी न्यायखात्यात होते, डॉक्टर नव्हते, तेव्हा त्या नावातलं 'डॉ.' बघता रस्ता या सर्जनच्याच नावाचा धरणं जास्त सयुक्तिक.

राजकारणाआधी त्यांचं नाव झालं ते वैद्यकीय क्षेत्रात आणि शहराच्या कारभारात. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या अखिल भारतीय वैद्यकीय परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि याच परिषदेत डॉक्टरांची जी देशव्यापी संघटना काढायचं ठरलं तिचीच पुढे इंडियन मेडिकल असोसिएशन झाली. त्याच सुमारास मुंबई महापालिकेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं (महापौर हा किताब त्यानंतरचा).

१९३४ च्या निवडणुकीत मुंबई शहराच्या जागांसाठी काँग्रेसने देशमुख आणि क. मा. मुन्शी असे दोन उमेदवार दिले. देशमुख आले, मुन्शी पडले आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले. मुन्शींच्या पराभवाचं खापर मुंबईचे काँग्रेस पुढारी के. एफ. नरिमन यांच्यावर फुटलं, १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या पंतप्रधानपदावरून (आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपदावरून) वाद पेटला तेव्हा हेच प्रकरण पुन्हा वर आलं, गांधीजी आणि वकील बहादुरजी यांनी चौकशी केली आणि निष्कर्ष नरिमन यांच्या विरोधात गेला. देशमुखांचा या सगळ्यात काही हात नव्हता, तरी त्या काळाच्या राजकीय इतिहासात त्यांचं नाव बहुतेक वेळा या एका निकालापुरतंच येतं. हे अन्यायाचं आहे, कारण त्यांचं खरं काम सभागृहातलं.

ते काम समजायला आधीची स्थिती बघावी लागते. मिताक्षरा पद्धतीच्या (हिंदू कायद्याच्या बहुतेक भागांत चालणाऱ्या शाखेच्या) एकत्र कुटुंबात नवरा वारला की त्याचा हिस्सा भाऊ-मुलांकडे जायचा आणि विधवेच्या वाट्याला फक्त अन्नवस्त्र. नवऱ्याची स्वकष्टाची मिळकत असली तरी मुलगा, नातू, पणतू यांच्यातला कुणी असला तर तिचा नंबर लागत नसे. १९२९ च्या कायद्याने नात, बहीण अशा काहींना वारसांच्या यादीत वर घेतलं पण विधवेला हात लावला नाही. म्हैसूर संस्थानाने १९३३ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला, तो ब्रिटिश मुलखाच्या पुढे होता. मुंबई इलाख्यात मुलीला वारशाने आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची मानायचा प्रघात होता, जो इतर बहुतेक प्रांतांत नव्हता, आणि देशमुखांना हा विषय जवळचा वाटण्यामागे हेही एक कारण असावं.

मूळ विधेयकाचा आवाका मोठा होता, त्यात मुलीचाही विचार होता, निवड समितीतून बाहेर येताना तो भाग गळला आणि विधवा उरली. मंजूर कायद्याप्रमाणे विधवेला स्वतंत्र मिळकतीत मुलाएवढा हिस्सा, आधीच वारलेल्या मुलाच्या विधवेलाही हिस्सा, आणि एकत्र मिळकतीत नवऱ्याचा जो हितसंबंध असेल तोच तिच्याकडे, वर पुरुषासारखी वाटणी मागायचा हक्क. मालकी मात्र मर्यादित, म्हणजे कायदेशीर गरजेशिवाय विकता येणार नाही आणि तिच्यामागे मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाणार.

सगळ्यात मोठी अडचण तारखांची झाली. विधेयक असेंब्लीत (केंद्रीय कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहात) ४ फेब्रुवारी १९३७ ला मंजूर झालं, कौन्सिल ऑफ स्टेट या वरच्या सभागृहात ६ एप्रिलला आणि गव्हर्नर जनरलची संमती १४ एप्रिलला मिळाली. मधे १ एप्रिलला १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा प्रांतिक भाग लागू झाला आणि शेतजमिनीचा वारसा प्रांतांच्या अखत्यारीत गेला! मग केंद्राने केलेला हा कायदा टिकतो तरी का, हा प्रश्न फेडरल कोर्टाकडे (तेव्हाचं केंद्रीय न्यायालय) सल्ल्यासाठी गेला. १९४१ मध्ये सरन्यायाधीश ग्वायर यांच्या कोर्टाने सांगितलं की कायदा वैध आहे, पण गव्हर्नरांच्या प्रांतांत (म्हणजे मुंबईसारख्या, गव्हर्नर असलेल्या प्रांतांत) 'मिळकत' या शब्दात शेतजमीन धरायची नाही. म्हणजे समजा, १९३८ मध्ये सातारा जिल्ह्यातला एखादा माणूस मृत्युपत्र न करता वारला, मागे विधवा आणि दोन मुलगे, मुंबईत स्वकमाईचं दुकान आणि गावी स्वकमाईचीच शेती. दुकानात विधवेचा तिसरा हिस्सा, शेतीत काहीच नाही. ज्या देशात बहुतेकांची मिळकत म्हणजे जमीनच, तिथे हा फटका फार मोठा होता. पुढे प्रांतांनी आपापले कायदे करून शेतजमीन आत घेतली, पण वेगवेगळ्या वेळी.

शब्दरचनाही घाईची होती, १९३८ मध्येच दुरुस्ती करावी लागली. तरी शंका संपेनात, म्हणून सरकारने जानेवारी १९४१ मध्ये बी. एन. राव यांची हिंदू कायदा समिती नेमली, तिच्यात पुण्याचे ज. र. घारपुरेही होते. या समितीने तुकड्या-तुकड्याने दुरुस्त्या करण्यापेक्षा सगळ्या कायद्याची संहिता करा अशी शिफारस केली आणि हिंदू कोड बिलाचा (हिंदू कायद्याच्या एकत्रित संहितेच्या विधेयकाचा) रस्ता तिथून निघाला. देशमुख ॲक्ट सदोष होता असं बहुतेक भाष्यकार म्हणतात आणि ते खरंच आहे, पण अन्नवस्त्राऐवजी हिस्सा हे तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानभर एकदा कायद्यात बसलं की मागे फिरता येत नव्हतं, हे वजन जास्त धरायला हवं.

हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारं विधेयकही त्यांनी १९३८ च्या सुमारास आणलं होतं, ते पार पडलं नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने देशमुख ॲक्ट रद्द केला आणि कलम १४ ने विधवेची मर्यादित मालकी पूर्ण केली. पण १९३७ ते १९५६ मध्ये वारलेल्यांच्या मिळकतींचे दावे कोर्टात पुढेही चालू राहिले. विधवा एकत्र कुटुंबाची कर्ता (कारभार बघणारी प्रमुख) होऊ शकते का, यावर नागपूर हायकोर्टाने १९४० च्या दशकात होकार दिला होता, सुप्रीम कोर्टाने सेठ गोविंदराम शुगर मिल्स प्रकरणात १९६५ च्या सुमारास तो नाकारला, कारण ती सहदायाद (एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क असलेला वाटेकरी) नाही. शत्रुघ्न इस्सर खटल्यात मात्र त्याच कोर्टाने असं ठरवलं, की तिने एकदा वाटणी मागितली की हिस्सा ठरून जातो आणि ती वारल्यावर तो सहदायादांकडे परत न जाता नवऱ्याच्या वारसांकडे जातो.