प्रोस्टेट तेवढीच, मग लघवी मोकळी झाली कशी?

प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी वाढून लघवी अडू लागली की टॅमसुलोसिन ही गोळी देतात. ती सुरू केल्यावर काही दिवसांतच लघवीची धार सुधारते. मग सोनोग्राफी होते आणि प्रोस्टेट पूर्वीइतकीच मोठी दिसते. ‘म्हणजे गोळीचा उपयोग नाही’ असं म्हणून अनेकजण ती परस्पर बंद करतात. पण ही गोळी ग्रंथी लहान करण्यासाठी नसतेच.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. हा मार्ग वाढलेल्या ग्रंथीमुळे दबतो, तसाच ग्रंथीतल्या आणि मूत्राशयाच्या मानेतल्या अनैच्छिक स्नायूंच्या ताणामुळेही आवळला जातो. म्हणून ४० ग्रॅमच्या प्रोस्टेटवाला कुंथत बसतो आणि ८० ग्रॅमवाल्याची तक्रार नसते, असंही घडतं.

हा ताण येतो कसा, ते फार सुंदर आहे. या स्नायूपेशींच्या आवरणात अल्फा-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारी प्रथिनं असतात. चेतातंतूतून सुटलेलं नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन त्यांना चिकटलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, आतलं जी-प्रथिन जागं होतं, ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला (एन्झाइमला) कामाला लावतं, त्यातून आयपी-३ हा रेणू सुटतो आणि पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम बाहेर पडतं. मग स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला ओढतं, स्नायू आखडतो. गोळीचा रेणू रिसेप्टरवर नुसता जागा अडवून बसतो. पुढचं काहीच घडत नाही आणि स्नायू सैलावतो.

अल्फा-१ चे ए, बी आणि डी असे उपप्रकार आहेत. प्रोस्टेटमध्ये ‘ए’ जास्त, रक्तवाहिन्यांत ‘बी’ महत्त्वाचा. प्राझोसिनसारखी जुनी औषधं हा भेद करत नसत. उठून उभं राहिलं की रक्तदाब घसरून चक्कर येई. टॅमसुलोसिन आणि त्याच जातीचं सिलोडोसिन ‘ए’कडे झुकतात, म्हणून हा त्रास कमी. मात्र ‘ए’ इतरत्रही असतो. त्यामुळे वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. बुबुळातला पडदाही ढिला पडतो, म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना ही गोळी सांगायचीच, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी.

ग्रंथी खरोखर आक्रसवणारं फिनास्टेराइड हे वेगळं औषध टेस्टोस्टेरॉनवर काम करणारं एक विकर रोखतं, आणि त्याचा गुण यायला सहा महिने लागू शकतात. तेव्हा ‘१५ दिवसांत प्रोस्टेट विरघळवा’ छापाच्या जाहिराती सरळ कचऱ्यात टाका.

सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते नॉरॲड्रेनॅलिन सोडायला लावतं, म्हणजे नेमकं उलटं काम. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने पूर्ण अडू शकते.