कराची ते कोन्नूर: सीमाभागातून दिसलेला पाकिस्तान

बेळगावात 'सीमा' म्हटलं की वाघा कुणाला आठवत नाही. सीमा म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकाची, १ नोव्हेंबर म्हणजे काळा दिवस. 'आम्ही काय पाकिस्तानात राहतो का?' हे वाक्य या वादात सहज तोंडी येतं. पाकिस्तान इथे देश कमी आणि परकेपणाचं माप जास्त.

हे माप तसं नवंच. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची आणि बेळगाव एकाच इलाख्यात होती, दोन्हींचा कारभार मुंबईहून चाले. शिक्षणखात्याच्या कामाला सिंधला गेलेल्या नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. मुंबईपासून आधी सिंध सुटला, वीस वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन, त्यासाठी खोदलेली विहीर अजून दाखवतात. त्या मांडवात कोहाटच्या दंगलीवर ठराव झाला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सप्टेंबरात तिथल्या हिंदूंना घरंदारं सोडून रावळपिंडी गाठावी लागली होती. वायव्य सरहद्दीवरच्या त्या गावाचं दुःख तेव्हा टिळकवाडीत घरच्यासारखं मांडलं गेलं. आपसातला अविश्वास फाळणीने जन्माला घातला असं म्हणायची सोय मात्र कोहाट ठेवत नाही.

कोहाट पुन्हा भेटतं ते पलटणीच्या इतिहासात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठ्यांच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली आणि जर्मन मशीनगनची ठाणी एकट्याने गप्प केली. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच आठव्या भारतीय डिव्हिजनमधल्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या शिपायानेही तसाच पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अली हैदर कोहाटचा. दोन वर्षांनी पलटणी वाटल्या गेल्या आणि तो पाकिस्तानी सैन्यात गेला.

डिसेंबर १९७१ मध्ये, आता बांगलादेशात असलेल्या जमालपूरला पहिल्या मराठा पलटणीने वेढा घातला, तेव्हा समोर पाकिस्तानची '३१ बलुच' ही पलटण होती. ब्रिगेडियर हरदितसिंग क्लेर यांनी शरणागतीचं पत्र धाडलं. बलुचांच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि पुढच्या खेपेस लेखणीऐवजी हातात स्टेनगन दिसू दे, असं लिहिलं. वैर होतंच, जमालपूर पडलं तेव्हा माणसंही खूप मेली. तरी त्या पत्रात समोरच्याला चेहरा होता, त्याला चिडवता येत होतं.

सैनिक सोडून बाकीच्यांसाठी मात्र हा समोरचा चेहरा हळूहळू पुसला गेला. १९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने भारतीय चित्रपट बंद केले, ते साधारण चार दशकं. १९६१ ते १९७८ दोन्ही देशांच्या क्रिकेट संघांत एकही कसोटी झाली नाही. पंजाबात निदान पलीकडचं गाव आठवणारे आजी-आजोबा होते. आपल्याकडे तेही नाहीत. आपल्याला पाकिस्तानी दिसला तो मॅचमध्ये, आणि कारगिलपासून टीव्हीवरच्या आरड्याओरड्यात. तिकडेही आपण असेच दिसत असू. २००४ च्या दौऱ्यात लाहोर-कराचीच्या प्रेक्षकांनी भारतीयांचं केलेलं स्वागत पाहून इकडची माणसं चकित झाली, इतकी ओळख आटली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईच्या सामन्यात दोन्ही संघांत हस्तांदोलनही झालं नाही.

माणूस समोर नसला की राग जवळच्यावर निघतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये बेंगळूरच्या एका बेकरीला पाटीवरचं 'कराची' झाकावं लागलं. तो धंदा फाळणीत सिंध सोडून आलेल्या हिंदू निर्वासिताने उभा केलेला! मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरचं. गावाने त्यांचं कौतुक केलं. पण त्या घरावर हल्ला झाल्याची बातमी मोबाइलवर पसरली. बेळगावच्या पोलिसांनी ती साफ खोटी असल्याचं सांगितलं, आणि तरीही त्या घरापाशी बंदोबस्त ठेवावा लागला.