सॅन फ्रान्सिस्कोचा किनारा स्टेडियममुळे सुधारला?

पाण्याकाठी स्टेडियम बांधायचा प्रस्ताव कुठेही आला की सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला हमखास दिला जातो: बेसबॉलचं स्टेडियम आलं आणि ओसाड पडलेला किनारा पालटला. हे खरं नाही.

आज ओरॅकल पार्क म्हणून ओळखलं जाणारं ते स्टेडियम एप्रिल २००० मध्ये सुरू झालं. किनाऱ्याचं नशीब त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच फिरलं होतं. तोवर फेरी बिल्डिंगच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या जुन्या बोट-स्थानकाच्या, तोंडासमोरून एम्बारकाडेरो फ्रीवे या महामार्गाचा दुमजली काँक्रीटचा पूल जात असे आणि शहर खाडीपासून तुटलेलं होतं. १९८६ साली मतदारांनी तो पाडायला नकार दिला. मग ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात पूल खिळखिळा झाला. पूल पाडला तर गिऱ्हाईक तुटेल या भीतीने चायनाटाउन या चिनी वस्तीतल्या व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, तरी १९९१ मध्ये पाडकाम सुरू झालंच. त्या जागी पामच्या रांगा, रुंद पदपथ आणि ट्राम आली. स्टेडियमच्या जागेपुढून जाणारी ट्राम तर १९९८ मध्येच धावू लागली होती.

या स्टेडियमला ‘सरकारी पैसा लागलाच नाही’ असंही सांगितलं जातं; तेही अर्धसत्य. बांधकामाचा बहुतेक खर्च खाजगी होता, आणि अमेरिकेत हे खरंच दुर्मीळ आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जमीन शहराच्या बंदर खात्याची, भाडेपट्ट्याने दिलेली. शिवाय प्रेक्षकांना दारात आणून सोडणारी ट्राम लोकांच्या पैशातून उभी राहिलेली.