त्रैक्यवाद आणि युनिटेरियन मत

परमेश्वर एकच आहे, परंतु त्याच्या ठायी पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत, या ख्रिस्ती सिद्धांतास त्रैक्यवाद म्हणतात. देव ही एकच व्यक्ती असून येशू हा देव नव्हे, तर त्याने पाठविलेला थोर गुरू होय, असे मानणारे ते युनिटेरियन अथवा एकेश्वरी ख्रिस्ती. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कोठेही येत नाही. त्यामुळे हा वाद वचनांच्या अर्थावरून, आणि पुष्कळदा एखाद्याच शब्दावरून, झडत आला आहे.

पुत्र हा पित्याने निर्मिलेला, म्हणून त्याहून कनिष्ठ, असे अलेक्झांड्रियाच्या एरियसने चौथ्या शतकात प्रतिपादिले. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३२५ मध्ये बोलावलेल्या नायसीआच्या धर्मपरिषदेने ते मत नाकारले आणि पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा, असल्याचे ठरविले. पुढे काहींनी ‘होमोइऊसिओस’ (सदृश सत्त्वाचा) हा शब्द पुढे केला. दोहोंत ग्रीक लिपीतील एका अक्षराचाच फरक होता, पण त्या अक्षरावर पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा की केवळ त्याच्यासारख्या सत्त्वाचा हे अवलंबून असल्याने त्याला क्षुल्लक म्हणता येत नाही.

डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला, तेव्हा योहानाच्या पहिल्या पत्रातील, स्वर्गात साक्ष देणाऱ्या तिघांविषयीचे (पिता, शब्द व पवित्र आत्मा) त्रैक्याला आधार मानले जाणारे वचन त्याने गाळले, कारण त्याने पाहिलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ते नव्हते. टीका झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत ते घातले गेले. त्रैक्याचे खंडन करणारा स्पॅनिश वैद्य मायकेल सर्व्हिटस याला १५५३ मध्ये जिनीव्हात जिवंत जाळण्यात आले. याउलट ट्रान्सिल्व्हेनियात टोर्डा येथील सभेने १५६८ मध्ये प्रत्येक उपदेशकाला आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मुभा दिली आणि फेरेन्त्स डाव्हिडच्या नेतृत्वाखाली तेथे युनिटेरियन चर्च उभे राहिले. तरीही खुद्द डाव्हिड १५७९ मध्ये देवा नावाच्या गावातील तुरुंगात मरण पावला. इंग्लंडमध्ये थिऑफिलस लिंडसीने १७७४ मध्ये लंडनला युनिटेरियन उपासना सुरू केली, परंतु त्रैक्य नाकारणे कायद्याने गुन्हा ठरण्याचे १८१३ मध्येच थांबले.

भारतातील प्रकरण विशेष उद्बोधक आहे. कलकत्त्यात राममोहन रॉय यांच्यासमवेत नव्या कराराचे बंगाली भाषांतर करीत असता बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम ॲडम यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातील एका ग्रीक अव्ययाचा प्रश्न उभा राहिला : सर्व सृष्टी येशूने केली, की येशूच्या द्वारे झाली? पहिल्या अर्थाने तो कर्ता ठरतो, दुसऱ्याने केवळ साधन. ॲडम दुसऱ्या अर्थाकडे झुकले व १८२१ मध्ये त्यांनी त्रैक्यवाद सोडला. त्याच काळात रॉय आणि श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्यात याच विषयावर दीर्घ लेखी वाद चालला होता.

महाराष्ट्रात १८६७ मध्ये मुंबईला स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचा युनिटेरियनांशी स्नेह होता. विठ्ठल रामजी शिंदे त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतले आणि प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले.